सोळा तारीख, एकवीस तारीख



पंधरा-सोळा ऑक्टोबरला चंद्रपुरात आपण मावत नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, राजुरा, थेट सिरोंच्यापासून माणसं येतात. हलकं धान पिवळं पडलेलं असतं, भारी धान अजून हिरवं असतं, कापणीला थोडे दिवस असतात. तेवढ्यात बाया भाकरी बांधून एस्टीत बसतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ला चांदा. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागड्यांनी बाबासाहेबांना इथं आणलं आणि या शहराच्या मातीला नवा अर्थ आला. त्या दोन दिवसांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचं आहे ते सोळानंतरच्या पाच दिवसांबद्दल.

सतराला मैदान झाडतात. अठराला बॅनर उतरतात. एकोणीस-वीसला आपले पुढारी वर्गणीच्या हिशोबावरून भांडतात. आणि एकवीसला याच शहरात, तुरुंगाच्या पिंपळाजवळ, गोंड माणसं जमतात. पिवळे दुपट्टे, पिवळे झेंडे, 'जय सेवा'. म्हातारे असतात, शाळेतल्या पोरी असतात, ढोल असतो. त्या पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजानं बाबुराव शेडमाकेला फाशी दिलं. वय पंचवीस. तुमच्यातल्या बहुतेकांच्या वयाचा होता तो.

किती जण गेलात आजवर? हात वर करा म्हटलं तर हात खिशातच राहतील. आपला बोधिवृक्षही पिंपळच आहे बाप्पा. एका पिंपळाखाली आपण पाय ठेवायला जागा नाही इतके जमतो आणि दुसऱ्या पिंपळाचा पत्ता रिक्षावाल्याला विचारावा लागतो.

कोण हा बाबुराव, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. १२ मार्च १८३३ चा जन्म, अहेरीकडच्या मोलमपल्लीचा जमीनदार. १८५४ ला डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं आणि चांद्याचा मुलूख इंग्रजाच्या हाती गेला. १८५७ च्या सप्टेंबरात बाबुरावानं गोंड, माडिया पोरांची जंगोम सेना उभी केली. १८५८ च्या मार्चमध्ये राजगडचा परगणा घेतला. एप्रिलच्या शेवटी प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला तारखात्याची छावणी मारली, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन साहेब मेले. मग कॅप्टन क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईवर दाब आणला, आणि तिच्याकडून तो धरला गेला. सप्टेंबरात अटक, ऑक्टोबरात फाशी. २००९ साली सरकारनं त्याचं टपाल तिकीट काढलं. तिकिटावर माणूस चिकटवला की सरकारचं काम संपतं.

ज्या शहरात फाशी दिलं ते शहर कुणाचं? परकोट कुणाचा? खांडक्या बल्लाळशाहाचं नाव सांगणारा हा गाव. १७५१ ला भोसल्यानं घेईपर्यंत इथं गोंड राजे होते. आता परकोटाला लागून दुकानं आहेत, आणि गोंड या शहरात येतो तो मजुरीला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला. नाहीतर नाचायला.

नाचायला यावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पैशाचा मोठा सांस्कृतिक महोत्सव होता. कला, संस्कृती, निसर्ग, सगळं पत्रिकेवर छापलेलं. रेलाची पोरींची टोळी दूरच्या गावाहून आली होती. सकाळी अकराला मांडवामागं बसवल्या. पाहुणे आले पाचला. तोवर प्रत्येकीला एक पुडा चिवडा आणि पाण्याची पिशवी. नाचायला सात मिनिटं दिली. मध्येच माईकवरून, "वनवासी बांधवांचं मनमोहक नृत्य", "निसर्गाची लेकरं". पाहुणा उठला, दोन पावलं नाचला, फोटो निघाला, मोटारीत बसला. त्याच पोरींच्या गावचे वनहक्काचे दावे कचेरीत धूळ खात पडले होते. त्यावर माईकवरून एक शब्द नाही.

आणि सूत्रसंचालन कोण करत होता? आपलाच पोरगा. गळ्यात निळा रुमाल. मला बघून जयभीम घातला, चहा दिला आणि म्हणाला, "कार्यक्रम तर मस्त झाला ना जी?"

त्या पोराला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याला मानधन मिळालं असेल, घर चालतं. पण त्याच्या तोंडी 'वनवासी' हा शब्द कुठून आला हे त्याला ठाऊक पाहिजे होतं. १९५२ ला जशपूरला वनवासी कल्याण आश्रम निघाला तेव्हापासून हा शब्द पद्धतशीर पेरला गेला. आदिवासी म्हटलं तर कबूल करावं लागतं की हे आधीचे, आणि तुम्ही नंतरचे. वनवासी म्हटलं की तो फक्त जंगलात राहणारा हिंदू होतो, बस. 'हरिजन' हा शब्द आपण का फेकून दिला? मग दुसऱ्याच्या गळ्यात तसलाच शब्द बांधताना आपली जीभ का अडखळत नाही?

निसर्गाचंही तसंच. एक ऑक्टोबरला ताडोबाच्या गाभ्याचे दरवाजे उघडतात. जिप्सीत बसून टोप्या घातलेले लोक वाघ बघायला जातात. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून पडलं. वाघाशी झुंजताना मेला तो तारू, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात जत्रा भरायची. जंगल राखीव झालं आणि जत्रेवर बंधनं आली. आतली गावं उठवली, बोटेझरी उठलं, जामणी उठलं. म्हणजे देवाचं नाव ठेवलं आणि देवाची माणसं बाहेर काढली. २०२४ च्या मार्चात चंद्रपुरात ताडोबा महोत्सव झाला, रोपट्यांची अक्षरं मांडून जागतिक विक्रम केला म्हणे. जंगलाच्या जिल्ह्यात रोपटी मांडून अक्षरं! इकडे एटापल्लीत सूरजागडच्या डोंगरावर २००७ साली लोखंडाचा ३४८ हेक्टरचा पट्टा दिला गेला. त्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा असते. डोंगर फोडून ट्रकांत भरतात. त्या ट्रकांवर ड्रायव्हर, क्लीनर म्हणून आपलीही पोरं आहेत. पोट आहे, कळतं मला. पण पोटाला डोळे नसतात म्हणून आपले डोळे काढून ठेवायचे काय?

खरा सण कसा असतो ते जिवती, कोरपना, राजुऱ्याच्या माणिकगड पट्ट्यात दिवाळीत जाऊन बघा. गोंड-कोलामांची दंडारी निघते. गुसाडी मोराच्या पिसांचा टोप घालतो, अंगाला राख फासतो, खांद्यावर कातडं, हातात काठी. टोपाची आधी पूजा होते. टोप ही देवाची वस्तू, तो नट्टापट्टा नव्हे. एकदा गुसाडी झाला की दंडारी संपेपर्यंत तो आंघोळ करत नाही. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला जाते. ते गाव त्यांना जेवू घालतं, रात्रभर खेळ चालतो, थट्टामस्करी होते, सोयरिकी जुळतात. परतफेडीला हे गाव तिकडं जातं. तिकीट नाही, पाहुणा नाही, सात मिनिटं नाहीत. आता सांगा, हा टोप प्रजासत्ताक दिनाला मैदानात घालायला लावणं म्हणजे काय? आपल्या विहारातली मूर्ती उचलून कुण्या पुढाऱ्याच्या मांडवात शोभेला ठेवली तर आपण काय करू? दगड उचलू.

आता थोडं दूर जातो. जायला कारण आहे.

१९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. बरोबर घेतलं. काळ्यांची लढाई ती आपली लढाई, हे आपल्याला हजारो किलोमीटरवरून दिसलं. पण त्याच देशात, त्याच १९७२ साली, मिनेसोटा राज्यात मंकाटो नावाच्या गावी दुसरी एक गोष्ट सुरू झाली, ती आपल्याला दिसली नाही. तिथं डकोटा लोक जमले. तेव्हापासून दर सप्टेंबरात, पानं पिवळी पडायच्या दिवसांत, ते जमतात आणि नाचतात. त्याला ते वाचिपी म्हणतात, म्हणजे 'ते नाचतात'. मंकाटोलाच का? कारण तिथंच त्यांचे अडतीस जण फासावर गेले.

२६ डिसेंबर १८६२. आपल्या बाबुरावानंतर चार वर्षांनी. डकोटांची जमीन करारांनी घेतली होती, बदल्यातले पैसे वेळेवर आले नाहीत, गोदामात धान्य होतं पण उधारीवर मिळेना. एक व्यापारी म्हणाला, भूक लागली तर गवत खा. उठाव झाला तेव्हा तो व्यापारी मेलेला सापडला, तोंडात गवत कोंबलेलं. मग फौजी न्यायालय बसलं. काही खटले पाच-पाच मिनिटांत उरकले. तीनशे तीन जणांना मृत्युदंड. कागद गेले राष्ट्राध्यक्षाकडं, त्यानं यादी कमी केली. शेवटी एकाच फळीवर, एकाच वेळी अडतीस. हजारोंची गर्दी बघायला. रात्री डॉक्टरांनी प्रेतं उकरून नेली. पुढच्या वर्षी कायदा करून डकोटांना मिनेसोटाबाहेर हाकललं.

राष्ट्राध्यक्ष कोण होता? अब्राहम लिंकन. फाशीनंतर सहाव्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला, त्यानं गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. तोच हात, तीच सही. जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती अर्पणपत्रिका आपल्याला पाठ आहे आणि पाठ असावी. पण एकाला मोकळं करणारा हात दुसऱ्याला फासावर चढवू शकतो, हे सुद्धा त्याच पानावर समासात लिहून ठेवा. मुक्ती अर्धी वाटता येते. वाटली जाते.

१८८३ पासून अमेरिकन सरकारच्या नियमांनी इंडियन लोकांचे धर्माचे नाच गुन्हा ठरवले होते. नाचला तर शिधा बंद, नाहीतर कोठडी. त्यांच्या धर्माला रीतसर संरक्षण देणारा कायदा यायला १९७८ साल उजाडलं. म्हणून मंकाटोचं नाचणं हे करमणुकीचं नाचणं नाही. ज्या गावात मारलं त्याच गावात, मारलेल्यांची नावं घेऊन, एकेकाळी गुन्हा असलेला नाच नाचायचा. १९१२ साली गावच्या गोऱ्यांनी तिथं दगड उभारला होता, इथं अडतीस इंडियनांना फाशी दिलं, एवढंच. जणू अभिमानाची गोष्ट. तो दगड पुढं हलवावा लागला. आज मैदानाला डकोटा भाषेत नाव आहे, त्याचा अर्थ आठवणींची भूमी. गावच्या गोऱ्यांच्या शाळेतली पोरं तिथं येतात आणि डकोटा म्हातारे त्यांना शिकवतात. शिकवणारा कोण आणि खाली बसून ऐकणारा कोण, हे बघा. आपल्याकडच्या महोत्सवात नेमकं उलटं असतं.

पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण याची व्याख्या केली होती. अनुसूचित जाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया, आणि अनुसूचित जमातीसुद्धा. लिहिलं होतं. पन्नास वर्षं झाली. गडचिरोलीत त्या एका शब्दाचं आपण काय केलं? निवडणुकीत मतं मागायला भामरागडपर्यंत गेलो. २००९ ला धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखानं अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क घेतला, २०११ ला स्वतःचा बांबू स्वतः विकला. देशात आधी तिथं झालं. ग्रामसभा कशी चालवावी हे शिकायला आपल्यातले किती जण तिथं चार दिवस राहिले?

आता तुमचे प्रश्न. मागच्या अभ्यासवर्गात एक पोरगा उठला. म्हणाला, "भाऊ, बाबुराव तर जमीनदार होता. जमीनदाराची पुण्यतिथी आपण कायले करायची?" चांगला प्रश्न आहे. होता जमीनदार. आणि त्याला पकडून देणारीही जमीनदारीणच होती. म्हणूनच तो मोजायचा. त्या वेळी बऱ्याच जमीनदारांनी इंग्रजाशी जुळवून घेऊन जमीनदाऱ्या राखल्या. यानं राखली नाही. तुमच्या-माझ्या नात्यात सरकारी नोकरीतले साहेब आहेत, त्यातला एक जरी खुर्ची सोडून रस्त्यावर आला तर आपण त्याला विचारू काय, तू क्लास वन का होतास म्हणून?

दुसरा प्रश्न एका म्हाताऱ्यानं केला, तो जास्त जड आहे. तो म्हणाला, "गोंडाच्या गावात आमच्या आज्याले ओसरीवर चढू देत नव्हते बापू. पाणी वरून टाकत. आणि तू आम्हाले तिकडं जा म्हणतेस?"

खरं आहे. माझ्याही घरात अशी गोष्ट आहे. माझी आजी धानाच्या रोवण्याला एका गोंड मालगुजाराकडं जायची, तिचं भांडं वेगळं असायचं. हे झाकून कोणी एकी करायला निघाला असेल तर तो खोटा. राजगोंडांनी जानवं घातलं, वरच्यांचं बघून खाली ढकलायला शिकले. ब्राह्मणी विष जंगलातही पोचलं. पण मला त्या म्हाताऱ्याला विचारायचं आहे की हे भांडण कुठं भांडायचं? आपण आपल्या मैदानात, ते त्यांच्या पिंपळाखाली, असं लांबून? ओसरीवर चढू दिलं नाही हे त्या ओसरीच्या मालकाला तोंडावर सांगायचं तर आधी त्याच्याजवळ जावं लागतं. सांगा त्याला. तो ऐकेल, नाहीतर भांडेल. सात मिनिटांच्या नाचाला टाळ्या वाजवून हा हिशोब मिटत नाही.

आणि बाबासाहेब. १९३६ ला जातिनिर्मूलनाच्या न झालेल्या भाषणात त्यांनी हिंदूंना विचारलं होतं, हजारो वर्षं शेजारी राहून तुम्ही आदिवासींसाठी काय केलं? त्यांच्यात जाऊन राहणं, त्यांना आपलं म्हणणं तुम्हाला जमलंच नाही, कारण जात आड आली. तो प्रश्न सवर्णांना होता. आज आपल्याला तो कोणी विचारला तर? त्या पानांत आदिवासींना सुधारण्याची भाषा आहे, आणि १९४५ च्या मुंबईच्या भाषणात आदिवासींना अजून राजकीय जाण आलेली नाही असंही ते म्हणाले. हे लपवू नका. भक्त लपवतात, अनुयायी वाचतात. चारच वर्षांत संविधान सभेत जयपालसिंग मुंडा आदिवासींच्या वतीनं ठणकावून बोलत होते आणि बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या संविधानात पाचवी अनुसूची आली. गडचिरोलीतली ग्रामसभा आज खाणीला नाही म्हणते तेव्हा त्या अनुसूचीच्या आणि १९९६ च्या पेसा कायद्याच्या जोरावर म्हणते. संविधान आपलं आहे असं आपण ओरडतो. ते एटापल्लीच्या माडिया बाईचंही तितकंच आहे, आणि कधीकधी ती ते आपल्यापेक्षा नीट वापरते.

शेवटचं एक, कारण ते उद्या दारात येणार आहे. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, अशी मागणी सध्या मोर्चे काढून होते. डीलिस्टिंग म्हणतात तिला. आपल्याला ही चाल नवी नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलती गेल्या, त्या परत यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं. एक पिढी त्यात करपली. विजयादशमीला आपण सम्राट अशोक आठवतो, गडचिरोलीत परसवाडीचे गोंड त्याच दिवशी रावणाची पूजा करून मिरवणूक काढतात. दोघंही त्या दिवशी जाळायला नकार देतात. ज्यांना हे नकार सहन होत नाहीत ते आधी एकाला यादीतून काढतील, आणि दुसरा तेव्हा मैदान झाडत बसला असेल.

तेव्हा या वर्षी सोळानंतर लगेच गावी पळू नका. ज्यांना शक्य आहे त्यांनी चार दिवस थांबा, नाहीतर एकवीसला सकाळची एस्टी धरा. बॅनर आणू नका. निळा झेंडा खांद्यावर असू द्या, पण पिवळ्याच्या पुढं लावू नका. भाषणाला आपलं नाव देऊ नका, त्यांनी बोलावलं तर दोन मिनिटं बोला, जयभीमच्या आधी जय सेवा म्हणा. फोटो काढायचा तर विचारून काढा. बिड्या, चहा, परतीच्या तिकिटाची वर्गणी आपली आपण करायची. आणि कोणा म्हाताऱ्या गोंडानं ओसरीवर बसा म्हटलं तर बसा, आणि मग आजीच्या भांड्याची गोष्ट काढा.